सांगलीला हळद

पुणे स्टेशनच्या फलाटावर नवऱ्यानं तिसऱ्यांदा मोजले तेव्हा नग चौदा भरले. घरातून निघताना तेरा होते. जास्तीचा नग शेजारच्या बाकावर बसलेल्या आजोबांची पिशवी निघाली. ती परत केल्यावर आजोबांनी आमच्या डोंगराकडे पाहत विचारलं, "बदली झाली वाटतं?"

"नाही, मुलाला कॉलेजला सोडायला चाललोय."

"कुठे, अमेरिकेला?"

"सांगलीला."

यावर आजोबांनी पिशवी मांडीवर घेतली आणि गाडी येईपर्यंत खाली ठेवली नाही.

दारात मोटार उभी असताना आम्ही रेल्वेनं का निघालो, हे सांगायला हवं. नवऱ्याचा पुणे-सातारा रस्त्यावर विश्वास नाही. चिरंजीव चड्डीत होते तेव्हा तो रुंद व्हायला लागला, आता चिरंजीवांना दाढी आली तरी होतोच आहे. शिवाय तेरा नग आणि तीन माणसं आमच्या गाडीत मावत नाहीत. कोणाला तरी डिकीत बसावं लागलं असतं आणि घरातलं मत माझ्याकडे झुकत होतं.

कोथरूडमध्ये मुलगा 'बाहेर' शिकायला जातो म्हणजे टेक्सासला किंवा म्युनिकला जातो. सांगलीला जात नाही. सोसायटीत बातमी फुटली तेव्हा खालच्या मजल्यावरच्या काकू खास भेटायला आल्या. चहा घेऊन, थोडा वेळ गप्प बसून हळूच म्हणाल्या, "पण दुसऱ्या वर्षाला बदलून घेता येतं ना गं?" माणूस गेल्यावर भेटायला येतात तशा त्या बसल्या होत्या. साडीही तशीच फिकट नेसल्या होत्या.

हे घडलं असं. सीईटीत चिरंजीवांना ९६.४१८२०७३ पर्सेंटाइल पडले. दशांशचिन्हापुढे सात आकडे. सोनारसुद्धा इतकं बारीक तोलत नाही. मग आला कॅप राउंड. कॉलेजांची पसंती क्रमानं भरायची असते आणि त्या क्रमावर मुलाचं पुढचं आयुष्य अवलंबून असतं, असं सगळे सांगतात. नवऱ्यानं रजा काढून एक्सेल केलं. बेचाळीस कॉलेजं, अकरा कॉलम. मागच्या तीन वर्षांचा कटऑफ, फी, शाखा, प्लेसमेंट, बसथांबा. पहिल्या क्रमांकावर अर्थातच त्याचं स्वतःचं कॉलेज, १८५४ साली सुरू झालेलं. ते साल तो असं उच्चारतो की उद्घाटनाला नारळ यानंच फोडला असावा. पहिली सोळा कॉलेजं पुण्यातली होती आणि सतराव्यावर सांगली, पिवळ्या रंगात. पिवळा म्हणजे आणीबाणी.

फॉर्म लॉक करायचं काम चिरंजीवांकडे होतं, कारण ओटीपी त्यांच्या मोबाइलवर यायचा. पूर्वी बापाची सही असल्याशिवाय मुलाचं पान हलत नसे. आता मुलाच्या ओटीपीशिवाय बापाचं हलत नाही.

पहिल्याच फेरीत सांगली लागली. नवरा दोन दिवस कटऑफ घेऊन बसला. वरच्या सोळापैकी पाच कॉलेजांत आमच्यापेक्षा कमी पर्सेंटाइलची मुलं लागली होती. त्यानं निष्कर्ष काढला की संगणक चुकला. बेटरमेंट घेऊ या म्हणाला, तर चिरंजीव शांतपणे म्हणाले, "आता नाही घेता येत बाबा. आपोआप फ्रीझ झालंय." फ्रीझ आपोआप का होतं, एवढा एक प्रश्न त्याच वेळी विचारला असता तर पुढची शोभा टळली असती. पण मी तेव्हा बादली बघत होते.

मुलगा बाहेरगावी जाणार म्हटल्यावर आईबापांना काय वाटतं ते बोलून दाखवायची आपल्याकडे पद्धत नाही. आपण त्याऐवजी बादली घेतो. मी तीन दुकानं फिरून निळी बादली घेतली, अठरा लिटरची, जाड कडीची. त्यावर नेलपेंटनं नाव घातलं. नवऱ्यानं कुलपं घेतली तीन, त्यातल्या एकाच्या दोन्ही किल्ल्या अजून आमच्या फ्रिजवर आहेत. शिवाय दोरी, चाप, एक्स्टेंशन बोर्ड, मच्छरदाणी, छत्री, ड्राफ्टर, इस्त्री, विजेची किटली आणि सुईदोरा. या मुलाला दोऱ्याला टोक असतं हे माहीत आहे एवढंच. औषधांचा डबा मी स्वतः भरला आणि चिठ्ठ्या लावल्या. 'ताप.' 'जुलाब थांबायला.' 'जुलाब व्हायला.' शेवटच्या दोन शेजारी ठेवू नकोस, असं नवरा म्हणाला. त्या सबंध महिन्यातली त्याची ही एकमेव उपयुक्त सूचना.

खाण्याचा वेगळा नग होता. मेतकूट, लाडू, छुंदा, चिवडा आणि रूममेटवर छाप पडावी म्हणून दोन किलो चितळ्यांची बाकरवडी. सासूबाईंनी शेवटच्या क्षणी एक डबी आणून दिली. "रात्री दुधात घालून पी म्हणावं. तिकडे चांगली मिळते-न मिळते." डबीत हळद होती.

तर आम्ही सांगलीला हळद घेऊन निघालो.

कोयना एक्स्प्रेसमध्ये समोरच्या बाकावर माधवनगरचं एक जोडपं होतं. लेकीकडून परत चाललेलं, बरोबर एक पिशवी. आमची गादी त्यांच्या पायाशी होती, बादली त्यांच्या डोक्यावर आणि ड्रॉइंग शीटची नळी काकांच्या कुशीत. त्यांनी तक्रार केली नाही. जेजुरी मागे पडेपर्यंत आमची सगळी हकिगत त्यांना कळली होती. लोणंदला मी बाकरवडीचा पुडा फोडला. "घ्या ना, पुण्याची आहे. चितळ्यांची."

काकूंनी एक उचलली. काका म्हणाले, "चितळे आमचेच की. भिलवडीचे. डेअरी तिथलीच, एकोणचाळीस सालची."

"पण बाकरवडी पुण्याचीच," मी म्हटलं.

"व्हय, ती पुण्याचीच," काकांनी मोठ्या मनानं मान्य केलं. "माणसं आमची."

नवऱ्याला हे लागलं असावं. साताऱ्याच्या पुढे त्यानं मोर्चा संस्कृतीकडे वळवला. शिक्षण काय, कुठेही होईल, पण पुण्यात कसं, मुलाच्या कानावर चार गोष्टी पडतात, संध्याकाळी नाटक-बिटक बघता येतं. काका बराच वेळ खिडकीबाहेरचा ऊस बघत राहिले आणि मग म्हणाले, "विष्णुदास भाव्यांनी सीतास्वयंवर केलं ना, १८४३ ला? ते सांगलीतच की."

ते 'की' फार वाईट. आमच्याकडे वाद घालताना आवाज चढतो, पुरावे निघतात, शेवटी पाटी लिहून टांगली जाते. ही माणसं वाक्याच्या शेवटी नुसतं 'की' ठेवतात आणि गप्प बसतात. पुढे बोलायला जागाच राहत नाही.

कऱ्हाडनंतर नवऱ्यानं स्वतःच शरणागती पत्करली. किर्लोस्करवाडी आली तेव्हा तो दारात जाऊन उभा राहिला. निवडुंगानं भरलेल्या माळावर १९१० साली लक्ष्मणरावांनी कारखाना कसा उभारला, लोखंडी नांगर कसे ओतले, हे त्यानं चिरंजीवांना सांगितलं. चिरंजीव कानातली बोंडं न काढता मान हलवत होते. पण मला बरं वाटलं. इंजिनिअरिंगबद्दल बापलेकांत कटऑफ सोडून झालेलं ते पहिलंच बोलणं.

मग भिलवडीची पाटी सरकत आली. काका काहीच बोलले नाहीत. पाटीकडे बघितलं, मग बाकरवडीच्या पुड्याकडे बघितलं.

उतरायच्या आधी चुरमुरे सांडले म्हणून मी खाण्याचा नग उघडला आणि त्यातून हळदीची डबी घरंगळत काकूंच्या पायाशी गेली. झाकण निघालं. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालंय, तिथल्या बाजारात ती डोंगरानं विकली जाते, हे मला नंतर समजलं. काकूंनी डबी उचलली, चिमूटभर हळद हातावर घेऊन चोळली, वास घेतला. "चांगली आहे," म्हणाल्या. "इथलीच दिसतीय." त्यांनी हसू दाबलं. त्या दाबलेल्या हसण्यासाठी मी त्यांची जन्मभर ऋणी आहे.

दुसऱ्या दिवशी कागदपत्रांची पडताळणी. कॉलेजचं नाव सांगत नाही, लगेच कोणीतरी कटऑफ विचारतं. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, डोमिसाइल, आधार, प्रत्येकाच्या पाच झेरॉक्स आणि चोवीस पासपोर्ट फोटो, ज्यांत चिरंजीव नुकतेच सुटलेल्या आरोपीसारखे दिसतात. रांग मोठी होती. नवरा कुरकुरायला लागला तेव्हा मी त्याला महर्षी कर्व्यांची आठवण करून दिली. आम्ही त्यांच्या नावाच्या रस्त्यावर राहतो, एवढा अधिकार आम्हाला आहे. मुलगा असताना ते मुरूडहून परीक्षेला साताऱ्याला गेले, शंभर मैलांहून जास्त अंतर, भर पावसात, घाट चढून, पायी. आणि तिथे साहेबांनी सांगितलं, तू वयानं लहान दिसतोस, बसू देत नाही. दाखला खिशात होता, तरीही. महाराष्ट्रातली कागदपत्र-पडताळणी तेव्हापासून आहे तिथेच आहे. फक्त झेरॉक्स वाढल्या.

रॅगिंगविरोधी प्रतिज्ञापत्र मुलाचं वेगळं आणि पालकांचं वेगळं. माझा पाल्य कोणाचाही शारीरिक वा मानसिक छळ करणार नाही, असं आम्ही लिहून दिलं. ज्या मुलाला शेजारची मांजर सोफ्यावरून उठवते आणि तो उठतो, त्याच्याबद्दल. मग 'स्थानिक पालक' असा रकाना आला. सांगलीत आमचं कोणीही नव्हतं. नवऱ्याच्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याच्या सासूबाई मिरजेला असतात, त्यांचं नाव घातलं. त्या आता आमच्या मुलाच्या पालक आहेत. आम्ही त्यांना पाहिलेलं नाही. त्यांनीही आम्हाला पाहिलेलं नाही, पण संक्रांतीला तिळगूळ पाठवायचं ठरवलंय.

खिडकीपलीकडच्या लिपिकानं अलॉटमेंटचं पत्र उघडलं. हे पत्र चिरंजीवांनी स्वतः प्रिंट केलं होतं, स्वतः फाइलमध्ये लावलं होतं, फाइल स्वतः पिशवीत घातली होती. मला तेव्हाच संशय यायला हवा होता. या मुलानं आजवर ओला टॉवेल स्वतः उचललेला नाही.

"प्रेफरन्स नंबर एक," लिपिक म्हणाला आणि शिक्का उचलला. "ऑटो फ्रीझ."

"एक नाही, सतरा," नवरा म्हणाला.

लिपिकानं कागद आमच्याकडे फिरवला. एक होता.

नवऱ्यानं चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचला. तरी एकच होता. चिरंजीव छताच्या पंख्याकडे अशा एकाग्रतेनं बघत होते, की पंख्याच्या मोटरवर त्यांना प्रबंध लिहायचा असावा.

"पोराला पाहिजे ते मिळालंय की," लिपिक म्हणाला. "पेढं आणायचं सोडून तोंड का पाडलंय?"

मी झेरॉक्सची थप्पी उगाचच खालून ठोकून सारखी केली. ती आधीच सारखी होती.

खोली तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. तेरा नग चढवताना प्रत्येक मजल्यावर आम्हाला कळत गेलं, की घरात कशाशिवाय चालतं. खोलीत तीन लोखंडी खाटा, तीन कपाटं, एक खिडकी. खिडकीतून मेसचा पत्रा दिसत होता आणि पत्र्यावर एक चप्पल, फक्त डावी. नवऱ्यानं गादी उलगडली. खाट अडीच फुटांची, गादी तीन फुटांची. सहा इंच बाहेर लोंबायला लागली. नवऱ्यानं टेप काढून खाट मोजली, मग गादी मोजली, मग पुन्हा खाट मोजली, जणू दरम्यान दोघींपैकी एखादी विचार बदलेल.

भिंतीवर सूचना होती. खोलीत इस्त्री, किटली, हीटर वापरण्यास सक्त मनाई. आमचे तेराचे अकरा झाले.

तेवढ्यात दुसरा मुलगा आला, मंगळवेढ्याचा. बरोबर त्याचे वडील, पांढरी टोपी, खांद्यावर पत्र्याची ट्रंक. ट्रंकेवर एक वळकटी, सुतळीनं बांधलेली. संपलं सामान. ट्रंक खाटेखाली सरकवली, वळकटी सोडली, खाटेवर बरोबर बसली. दीड मिनिटात त्यांचा मुलगा राहायला आला होता.

मग त्यांनी आमच्याकडे पाहिलं. अकरा नग, लोंबणारी गादी आणि खिडकीच्या गजाला दोरी कशी बांधायची याचं प्रात्यक्षिक मुलाला दाखवणारा माझा नवरा.

"ताई, एक विचारू का?" ते म्हणाले. "पोरगं शिकायला आलंय का संसार थाटायला?"

मला राग यायला हवा होता. पण ते इतक्या काळजीनं विचारत होते, की मी खरं उत्तर शोधायला लागले आणि मला सापडेना. त्यांनी धोतराच्या सोग्यानं खाटेची धूळ पुसली, मला बसायला सांगितलं आणि फडक्यातून कडक भाकरी न्‌ शेंगाचटणी काढली. मी बाकरवडी काढली. ती कुठली आहे हे या वेळी सांगितलं नाही.

त्यांच्या पोराला बादली नव्हती. "घेऊ की इथं," ते म्हणाले. खाली गेले आणि कॉलेजच्या फाटकासमोरून वीस मिनिटांत बादली घेऊन आले. निळी. अठरा लिटर. जाड कडी. आमच्या बादलीच्या शेजारी ठेवली. फरक एवढाच, की आमचीवर लाल नेलपेंटनं नाव होतं आणि त्यांची साठ रुपयांनी स्वस्त होती.

चिरंजीवांना मी गाठलं ते खाली नळावर, पाण्याची बाटली भरताना. "का रे?" एवढंच विचारलं.

त्यानं बाटली भरू दिली, झाकण लावलं. मग म्हणाला, "बाबांच्या शीटमध्ये एक कॉलम होता. घरापासूनचं अंतर. चार किलोमीटर, सहा, साडेसात. पुण्यातलं सगळ्यात लांब बारा."

"मग?"

"मी फक्त सॉर्ट उलटं केलं."

हे मी नवऱ्याला सांगितलं नव्हतं. रात्री परतीच्या गाडीत सांगितलं. मिरजेहून निघताना तो वरच्या बर्थवर पडला होता, मी खालच्या. बराच वेळ वरून काहीच आवाज आला नाही. पलूसच्या आसपास तो म्हणाला, "फिल्टर न लावता केलं असतं तर नागपूर आलं असतं."

"यादीत नागपूर नव्हतंच."

"हं," तो म्हणाला. "म्हणून वाचलो."

आमच्याबरोबर तेव्हा तीन नग होते. इस्त्री, किटली आणि हळदीची डबी.

आता चिरंजीव फोन करत नाहीत. करतात, पण त्याला फोन म्हणता येणार नाही. "हो. जेवलो. हो. बरं." मेसेजला अंगठा येतो. मी चार ओळी लिहिते, अंगठा. नवरा भारताच्या अर्थव्यवस्थेवरचा लेख पाठवतो, अंगठा. सासूबाईंनी 'हळद परत का पाठवलीस' असं विचारलं, त्यालाही अंगठा.

मग आम्हाला कृष्णा सापडली. पुण्यात असताना पावसाळा म्हणजे भिडे पूल पाण्याखाली गेला की चहाबरोबर ती बातमी बघायची, एवढाच संबंध. आता पाऊस सुरू झाला की नवरा उठल्या उठल्या कोयनेतून किती क्यूसेक सोडले ते बघतो आणि मग सांगलीच्या आयर्विन पुलाजवळची पातळी. चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका. नव्या एक्सेलमध्ये चार कॉलम आहेत. तारीख, विसर्ग, पातळी आणि चौथा, 'फोन'. चौथ्यात बहुतेक ठिकाणी 'नाही' आहे. पातळी वाढली की फोन येतो का, असा काही संबंध त्याला त्यात शोधायचा आहे. मी म्हटलं, त्याचं हॉस्टेल नदीपासून लांब आहे आणि तिसऱ्या मजल्यावर आहे. तो म्हणाला, मला माहितीये, तो कॉलम पहिल्या शीटमध्ये आहे.

परवा पातळी एकोणतीस फुटांवर गेली. इशाऱ्याला अकरा फूट बाकी असताना मी फोन लावला. उचलला. मागे वाऱ्याचा आवाज, पोरांचा गलका, कोणीतरी भडंगाचा पुडा मागत होतं.

"कुठे आहेस?"

"आयर्विनवर. पाणी बघायला आलोय सगळे."

"पुलावर? अरे, एकोणतीस फूट आहे!"

"तीस झालं आता," तो म्हणाला. "आई, काय होत नाही गं. निवांत की."

मी फोन ठेवला. नवऱ्यानं चौथ्या कॉलममध्ये 'हो' लिहिलं, तिसऱ्यात तीस, आणि मग माझ्याकडे बघून विचारलं, "काय म्हणाला शेवटी? निवांत काय?"

"की," मी म्हटलं.